पोको एफ१वर लिनिएजओएस टाकण्याआधीचा बॅकअप: सांगलीतल्या एका व्यापाऱ्याचा फोन

पोको एफ१ भारतात आला ऑगस्ट २०१८मध्ये. स्नॅपड्रॅगन ८४५, किमान ६ जीबी रॅम, ४००० एमएएचची बॅटरी. रोजच्या कामाला हा फोन आजही कमी पडत नाही. अडचण सॉफ्टवेअरची आहे. अधिकृत अपडेट अँड्रॉइड १०वरच्या एमआययूआय १२पाशी (एमआययूआय म्हणजे पोकोची मूळ कंपनी शाओमीची फोन प्रणाली) थांबले आणि पुढे सुरक्षेचे पॅच येणंही बंद झालं. चांगला चालणारा फोन कपाटात टाकण्यापेक्षा त्यावर लिनिएजओएससारखी रॉम, म्हणजे मूळ प्रणालीच्या जागी बसणारी अँड्रॉइडची दुसरी प्रणाली, टाकणं केव्हाही बरं. मात्र या कामात फोन सहसा वाचतो, जातो तो आतला ऐवज.

इथे घेतलेला फोन सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याचा. १२८ जीबीपैकी ७८ जीबी भरलेले. एक सिम घरचं, एक पेढीचं. दोन्ही नंबरांवर व्हॉट्सअ‍ॅप. पेढीचं व्हॉट्सअ‍ॅप एमआययूआयच्या ‘ड्युअल अ‍ॅप्स’ सोयीतून चालवलेलं. सौद्यांचे भाव, मालाचे फोटो, ट्रकचे नंबर, पावत्या असं सगळं त्या दुसऱ्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. या फोनचा सिमचा दुसरा खण हायब्रिड आहे, म्हणजे तिथे सिम किंवा मेमरी कार्ड यांतलं एकच बसतं. दोन्ही सिम चालू असल्याने कार्डावर बॅकअप घेण्याचा विषयच नव्हता. सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचं होतं.

डेटा नेमका कधी जातो

बहुतेकांनी मनात ठरवलेला क्रम असा असतो: बूटलोडर (फोन सुरू करणारा आणि बाहेरची प्रणाली अडवणारा प्रोग्रॅम) अनलॉक करायचा, टीडब्ल्यूआरपी रिकव्हरी (मुख्य प्रणाली सुरू न करता बॅकअप घेणारं, रॉम टाकणारं साधन) टाकायची, तिच्यातून अख्ख्या फोनचा बॅकअप घ्यायचा आणि मग रॉम टाकायची. यात पहिल्याच पायरीला डेटा गेलेला असतो. बूटलोडर अनलॉक होताना फोन डेटाचं पार्टिशन, म्हणजे साठवणीतला डेटाचा कप्पा, पुसतो. ही चूक नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. तसं नसतं तर चोराने बूटलोडर उघडून, स्वतःची रिकव्हरी चढवून तुमच्या फोटोंवर हात मारला असता.

म्हणून बॅकअप एक नसतो, दोन असतात. पहिला अनलॉकच्या आधी, रूट (फोनवरचा पूर्ण ताबा) नसताना: माणसाच्या मजकुराचा. दुसरा अनलॉक झाल्यावर पण रॉम टाकण्याआधी: यंत्राच्या ओळखीचा, म्हणजे आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), नेटवर्कचं आणि सेन्सरचं कॅलिब्रेशन वगैरे. पहिला चुकला तर आठवणी आणि हिशेब जातात. दुसरा चुकला तर फोन फोन राहत नाही, वायफायवर चालणारी पाटी होते.

शाओमीच्या पद्धतीत या दोन्हींच्या मध्ये सक्तीची वाट पाहणी आहे. सेटिंग्जमध्ये एमआययूआय व्हर्जनवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे, ‘एमआय अनलॉक स्टेटस’मध्ये जाऊन मोबाइल डेटावर असताना एमआय अकाउंट फोनशी जोडायचं, मग विंडोजवरच्या एमआय अनलॉक टूलला फोन लावायचा. टूल सहसा १६८ तास थांबायला सांगतं. या काळात त्या अकाउंटमधून बाहेर पडू नये आणि ‘अ‍ॅड अकाउंट’ पुन्हा दाबू नये. तास पहिल्यापासून मोजले जाण्याची शक्यता असते. हा आठवडा बॅकअपच्या रंगीत तालमीला उत्तम. तालीम आधी, शेवटची नक्कल अनलॉकच्या दिवशी. आठवड्यापूर्वी घेतलेल्या बॅकअपवर विसंबून अनलॉक केलं तर त्या आठवड्यातले सौदे गेलेच.

संपर्क: तीन ठिकाणी विखुरलेले

‘माझे नंबर गुगलवर आहेत’ हे वाक्य तपासल्याशिवाय खरं मानू नये. या फोनमध्ये संपर्क तीन जागी होते: काही गुगल अकाउंटवर, काही सिमवर आणि बरेच नुसते फोनच्या मेमरीत. नवा नंबर साठवताना एमआययूआयने विचारलेल्या जागेकडे कुणी लक्ष देत नाही, त्याचा हा परिणाम. संपर्कांच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक जागा वेगळी निवडून आकडा लिहून घेतला, मग सगळ्यांची मिळून एक व्हीसीएफ फाइल काढली.

फाइल तयार झाली म्हणजे ती पूर्ण आहे असं नाही. ती साध्या मजकुराची असते, म्हणून नोटपॅडमध्ये उघडता येते. प्रत्येक संपर्काची सुरुवात ‘बिगिन:व्हीकार्ड’ या ओळीने होते. ही ओळ किती वेळा येते ते मोजायचं आणि फोनमधल्या आकड्यांच्या बेरजेशी ताडायचं.

मराठीत नावं साठवणाऱ्यांची इथे हमखास धांदल उडते. व्हीकार्डच्या, म्हणजे व्हीसीएफ फाइलीतल्या मांडणीच्या, २.१ आवृत्तीत देवनागरी नाव जसंच्या तसं लिहिलेलं नसतं. ‘=’ या चिन्हांची माळ दिसते, आणि दर तिसऱ्या गटाला ‘ई०’, त्याच्या मागे ‘ए४’ किंवा ‘ए५’ पुन्हा पुन्हा येतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि त्यांतले पहिले दोन जवळपास सारखेच असतात, म्हणून हे असं. फाइल बिघडलेली नाही. तिला एक्सेलमध्ये उघडून ‘नीट’ करायला गेलात तर मात्र बिघडेल, कारण लांब नावाची ओळ मध्येच तुटून पुढच्या ओळीवर गेलेली असते आणि ती जोडणी एक्सेलला कळत नाही. फाइलला हात न लावता ती दुसऱ्या एखाद्या फोनमध्ये इम्पोर्ट करून पाहणं ही खरी परीक्षा. इथे दुकानातल्या जुन्या हँडसेटवर ती घातली, नावं मराठीत नीट उमटली, तेव्हा पुढे गेलो.

दोन व्हॉट्सअ‍ॅप

पहिल्या व्हॉट्सअ‍ॅपचं काम सरळ आहे. चॅट बॅकअपमध्ये जाऊन हाताने बॅकअप घेतला की ‘डेटाबेसेस’ फोल्डरमध्ये ‘एमएसजीस्टोअर’ नावाची ताजी फाइल पडते. शेपटाला क्रिप्ट१४ किंवा क्रिप्ट१५ असतं. मागच्या काही दिवसांच्या तारखा घातलेल्या फाइलीही तिथेच असतात. हे फोल्डर जुन्या फोनमध्ये स्टोरेजच्या मुळाशी ‘व्हॉट्सअ‍ॅप’ नावाने सापडतं, नव्या मांडणीत ‘अँड्रॉइड’मधल्या ‘मीडिया’ फोल्डरच्या पोटात. दोन्ही जागा पाहाव्यात आणि ताज्या तारखेची फाइल ज्या जागी असेल ते अख्खं फोल्डर उचलावं. नुसती एमएसजीस्टोअर घेतली तर संवाद येतील, फोटो आणि व्हॉइस मेसेज येणार नाहीत.

एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी चावी कागदावर लिहून घ्यावी. ती नसेल तर बॅकअपची फाइल हाताशी असूनही उघडणार नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपकडे तिची दुसरी प्रत नसते. या फोनमध्ये तो पासवर्ड कधी तरी ठेवलेला होता आणि कुणाला आठवत नव्हता. फोन अजून चालू आहे तोवर त्यावर उपाय आहे: सेटिंग्जमधून तो बदलून नवा ठेवायचा आणि लगेच नवा बॅकअप घ्यायचा. फोन पुसल्यावर हा उपाय उरत नाही.

दुसऱ्या व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट वेगळी. एमआययूआय ड्युअल अ‍ॅप्ससाठी फोनमध्ये एक वेगळा वापरकर्ता बनवतो, ज्याचा क्रमांक ९९९ असतो. त्याचं स्टोरेजही वेगळं. यूएसबीने फोन कॉम्प्युटरला जोडला की दिसतं ते क्रमांक ० च्या वापरकर्त्याचं स्टोरेज. म्हणजे ‘इंटर्नल स्टोरेज’मधलं सगळंच्या सगळं कॉपी करणाऱ्याला वाटतं काम झालं, आणि पेढीचं व्हॉट्सअ‍ॅप त्यात मुळीच नसतं. हा खड्डा सगळ्यांत वाईट, कारण चूक झाल्याचं कुठलंही लक्षण दिसत नाही.

इथे दोन वाटा वापरल्या. एक, एमआययूआयच्या फाइल मॅनेजरमधून दुसऱ्या व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर मुख्य स्टोरेजमधल्या एका नव्या फोल्डरात आणलं आणि तिथून कॉम्प्युटरवर घेतलं. दोन, त्याच नंबराचा गुगल ड्राइव्हवर बॅकअप घेतला. ड्राइव्हचा बॅकअप फोन नंबर आणि गुगल अकाउंट या जोडीला बांधलेला असतो. तपासल्यावर कळलं की पेढीच्या व्हॉट्सअ‍ॅपला जोडलेलं अकाउंट मालकांचं नव्हतं, मुलाचं होतं. नव्या रॉममध्ये फक्त मालकांचं अकाउंट घातलं असतं तर ‘बॅकअप सापडला नाही’ एवढंच उत्तर मिळालं असतं. अकाउंट बदललं आणि नव्याने बॅकअप घेतला. व्हॉट्सअ‍ॅपचे बॅकअप आता गुगलच्या मोफत १५ जीबीत धरले जातात, त्यामुळे आधी व्हिडिओ वगळले. व्हिडिओ डिस्कवर होतेच.

बाकीचं सामान

फोटो आणि व्हिडिओंबद्दल थोडक्यात: गुगल फोटोजवर ‘स्टोरेज सेव्हर’ दर्जात चढवलेले फोटो म्हणजे मूळ फोटो नव्हेत. मूळ हवेत तर डीसीआयएम फोल्डर उतरवा. एमआययूआय गॅलरीत ‘हिडन’ अल्बम असेल तर त्यातले फोटो आधी बाहेर काढा, कारण आत ते वेगळ्या शेपटाच्या फाइली म्हणून पडलेले असतात आणि कॉम्प्युटरवर उघडत नाहीत.

एसएमएससाठी एक्सएमएल फाइल काढणारी अ‍ॅप्स आहेत, ती पुरतात. ऑथेंटिकेटर अ‍ॅपचे कोड दुसऱ्या फोनवर क्यूआरने हलवून, तिथल्या कोडने एकदा लॉगिन करून पाहिलं. यूपीआय आणि बँकांच्या अ‍ॅप्सचा बॅकअप होत नाही, होऊ नयेच. नोंदणी नव्याने करायची असते.

एमआययूआयचा स्वतःचा लोकल बॅकअप घ्यायला हरकत नाही, पण तो एमआययूआयमध्येच परत बसतो. लिनिएजओएसमध्ये त्याचा उपयोग नाही. ‘एडीबी बॅकअप’ (एडीबी म्हणजे कॉम्प्युटरवरून केबलने फोनला आज्ञा देणारं साधन) या जुन्या आज्ञेवर तर विश्वासच ठेवू नये: ज्या अ‍ॅपने बॅकअप नाकारलेला असतो त्याचा डेटा ती न कुरकुरता वगळते आणि मागे एक भरभक्कम दिसणारी फाइल ठेवते.

कॉम्प्युटरवर उतरवताना

विंडोज एक्सप्लोररमधून ओढून-टाकून हजारो फाइली कॉपी करणं त्रासाचं. मध्येच अडकतं, कुठे अडकलं ते कळत नाही, आणि फाइलींच्या तारखा आजच्या होतात. मग दहा वर्षांचे फोटो एकाच दिवशी काढल्यासारखे दिसतात. त्याऐवजी एडीबीची ‘पुल’ आज्ञा ‘-ए’ हा पर्याय लावून वापरली. तो लावला की मूळ तारखा टिकतात. या फोनचं यूएसबी २.० आहे. मोठ्या फाइलींना सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग धरला तर ७८ जीबीला पाऊण तास पुरावा, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या बारीक फाइलींमुळे वेळ त्याहून बराच जास्त लागतो. निवांत दुपार राखून ठेवावी, लॅपटॉपची झोप बंद करावी.

दोन गोष्टींवर अडखळायला होतं. पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही. लग्नाचा लांब व्हिडिओ तिथेच अडतो. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस असावी. आणि फाइलीच्या नावात विसर्गचिन्हासारखे दोन टिंब किंवा प्रश्नचिन्ह असेल तर विंडोज ती घेत नाही. काही अ‍ॅप्स रेकॉर्डिंगच्या नावात वेळ तशीच लिहितात. त्यांची नावं फोनमध्येच बदलून घ्यावीत.

नंतर मोजणी. डीसीआयएम, व्हॉट्सअ‍ॅप, डाउनलोड आणि कागदपत्रांचं फोल्डर या प्रत्येकात फोनवर किती फाइली आणि डिस्कवर किती, हे ताडून पाहिलं. मधूनमधून व्हिडिओ उघडून शेवटपर्यंत पळवले. सगळ्याची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर, ७-झिपमध्ये पासवर्ड घालून ठेवली. ग्राहकांचे नंबर आणि बँकेचे स्क्रीनशॉट असलेली डिस्क उघडी फिरू देणं बरोबर नाही.

अनलॉकनंतर, रॉमच्या आधी

अनलॉकच्या सकाळी दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपचा ताजा बॅकअप, ताजी फोल्डरं, ताजी व्हीसीएफ. मग अनलॉक. फोन कोरा होऊन एमआययूआयच्या स्वागताच्या पडद्यावर आला. इथे घाई करून थेट रॉमकडे जाऊ नये. कुठलंही अकाउंट न घालता एमआययूआय एकदा सुरू करून घ्यावा, दोन्ही सिमना रेंज येते का, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर दोन्ही आयएमईआय दिसतात का, फोन कानाला लावला की पडदा विझतो का, ठसा घेतो का, हे पाहावं. ज्या स्थितीचा बॅकअप घेणार ती निरोगी आहे याची खात्री हवी.

मग फास्टबूटमधून (कॉम्प्युटरवरून थेट पार्टिशनं लिहिता येतात त्या अवस्थेतून) टीडब्ल्यूआरपी रिकव्हरीच्या पार्टिशनवर टाकली आणि केबल काढून लगेच आवाज वाढवायचं बटण व पॉवर दाबून थेट रिकव्हरीत गेलो. मध्ये एमआययूआय सुरू झाला तर तो आपली जुनी रिकव्हरी परत बसवतो आणि टीडब्ल्यूआरपी नाहीशी होते.

रिकव्हरीतून घ्यायचं ते हे: मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी आणि पर्सिस्ट. पहिल्या तिघांत मोडेमचा, म्हणजे नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाचा ऐवज आहे, आयएमईआयसकट. पर्सिस्टमध्ये सेन्सरचं कॅलिब्रेशन आणि डीआरएमच्या (संरक्षित व्हिडिओ वगैरे चालवण्याच्या) चाव्या. सगळं मिळून फार मोठं नाही, पण फोनमधली हीच एक गोष्ट जगात दुसरीकडे कुठेही मिळत नाही. रॉम पुन्हा उतरवता येते. शेजाऱ्याच्या पोको एफ१मधलं मोडेमएसटी आपल्या फोनला चालत नाही, आणि दुसऱ्याचा आयएमईआय आपल्या फोनमध्ये घालणं हा दूरसंचार कायदा, २०२३ खाली गुन्हा आहे.

टीडब्ल्यूआरपीच्या बॅकअप यादीत ‘ईएफएस’वर (मोडेमच्या ऐवजाच्या नोंदीवर) खूण केली, शिवाय एडीबीने चारही पार्टिशनांच्या कच्च्या प्रतिमा, म्हणजे जशाच्या तशा नकला, थेट कॉम्प्युटरवर ओढल्या. दोन्ही घेण्याचं कारण आहे. टीडब्ल्यूआरपी आपला बॅकअप फोनच्याच स्टोरेजमध्ये ठेवते. एमआययूआयवरून लिनिएजओएसवर जाताना एन्क्रिप्शन जुळत नाही, म्हणून डेटा फॉरमॅट करावा लागतो, आणि त्या फॉरमॅटमध्ये आतलं स्टोरेज, त्यातल्या बॅकअपसकट, जातं. ज्या पेटीत दागिने ठेवले तीच पेटी विहिरीत टाकल्यासारखं होतं. तेव्हा टीडब्ल्यूआरपीचं फोल्डरही आधी कॉम्प्युटरवर हलवलं. प्रत्येक प्रतिमेचा एसएचए-२५६ (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा, एक बाइट बदलला तरी वेगळा येणारा) काढून सोबत मजकूर फाइलीत लिहिला. प्रत्येक पार्टिशन दोनदा ओढून दोन्ही वेळा एसएचए-२५६ सारखा येतो का तेही पाहिलं.

यासोबत त्याच मॉडेलची, त्याच प्रदेशाची अधिकृत फास्टबूट रॉम उतरवून ठेवली, परतीची वाट म्हणून. शाओमीच्या एमआयफ्लॅश या विंडोज टूलने ती टाकताना खालच्या पट्टीत ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो बदलून ‘क्लीन ऑल’ करावा. चुकीच्या प्रदेशाच्या रॉमवर बूटलोडर पुन्हा लॉक झाला तर फोन सुरूच होत नाही आणि लॉक असल्याने फास्टबूटमधून काही टाकताही येत नाही.

परत भरताना

डेटा फॉरमॅट, मग लिनिएजओएस, आणि फोन सुरू न करताच लगेच गुगल अ‍ॅप्सचं पॅकेज. पहिल्यांदा सुरू झाल्यावर ते टाकलं तर नीट बसत नाही. साइडलोड, म्हणजे कॉम्प्युटरवरून केबलने पॅकेज रिकव्हरीत पाठवणं, ४७ टक्क्यांवर थांबून संपलेलं दिसू शकतं. घाबरून केबल ओढू नका, रिकव्हरीच्या पडद्यावर काम झाल्याचं लिहून आलं की झालं.

सर्वांत आधी आयएमईआय आणि दोन्ही सिमची रेंज पाहिली. व्हॉट्सअ‍ॅपचा ओटीपी त्याच सिमवर येणार, म्हणून हा क्रम. मग व्हॉट्सअ‍ॅप बसवलं, पण उघडलं नाही. आधी जुनं फोल्डर ‘अँड्रॉइड’मधल्या ‘मीडिया’त, ‘कॉम.व्हॉट्सअ‍ॅप’च्या आत ठेवलं. जुन्या जागी, मुळाशी ठेवलेलं फोल्डर नव्या अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपला सापडत नाही. ‘रिस्टोअर’चा पडदा घाईत वगळला तर व्हॉट्सअ‍ॅप कोरं सुरू होतं आणि रात्री दोनच्या सुमाराला कोऱ्या चॅटचा नवा बॅकअप जुन्यावर लिहितं. अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅप काढून, कॉम्प्युटरवरची प्रत परत ठेवून पुन्हा सुरुवात करता येते, म्हणून ती प्रत लगेच पुसू नये.

लिनिएजओएसमध्ये ड्युअल अ‍ॅप्स नाहीत. पेढीचा नंबर व्हॉट्सअ‍ॅपमध्येच दुसरं अकाउंट म्हणून जोडला आणि ड्राइव्हवरून संवाद परत आले. व्हिडिओ डिस्कवरच ठेवले, फोनमध्ये भरले नाहीत. जुन्या ट्रकभरणीचे व्हिडिओ रोज लागत नाहीत.

यूपीआयची नोंदणी दोन्ही सिमवरून नव्याने झाली. फोन बदलल्यासारखाच हा प्रकार असल्याने पहिल्या २४ तासांत व्यवहाराची मर्यादा कमी असते, त्यामुळे हे काम बाजार बंद असतानाच्या दिवशी ठेवलं होतं. पेढीच्या चालू खात्याचं अ‍ॅप मात्र उघडलेल्या बूटलोडरवर चालायला तयार झालं नाही. गुगलची प्ले इंटिग्रिटी तपासणी त्याला फोन विश्वासार्ह नसल्याचं सांगते. त्याला चकवा देणारे उपाय फिरतात, पण पैशांच्या अ‍ॅपवर ते करू नयेत. व्हीसीएफ तपासायला वापरलेल्या त्या जुन्या हँडसेटवर हे एक अ‍ॅप बसवलं आणि पेढीचं सिम त्याच्या नोंदणीपुरतं त्यात घातलं.